त्यागाचं कौतुक स्वस्त पडतं

दर दोन-चार महिन्यांनी असा एखादा मजकूर फिरत येतो. अपघातात डोक्याला मार लागून नवरा अंथरुणाला खिळला. बायकोने नोकरी सोडली, दागिने मोडले, दहा वर्षं त्याचं सगळं केलं, पण 'सेंटर'मध्ये, म्हणजे पुनर्वसन केंद्रात, टाकलं नाही. वाचणारे हात जोडतात. मग कुणीतरी विचारतं, की हे ठीक आहे, पण त्या बाईच्या आयुष्याचं काय? तिथून वाद पेटतो. एक बाजू संस्कार काढते, दुसरी स्वातंत्र्य. एकीच्या लेखी सेंटर म्हणजे पाप, दुसरीच्या लेखी घरी सांभाळणं म्हणजे वेठबिगारी. या भांडणात दोघांचं एका गोष्टीवर मात्र बिनबोभाट एकमत असतं: हा त्या घराचा प्रश्न आहे आणि त्या घरानेच तो निस्तरावा. माझा आक्षेप नेमका या एकमताला आहे. मेंदूला इजा होऊन वाचलेल्या माणसाची पुढची वर्षं हा उपचाराचाच भाग असतो. ज्या व्यवस्थेने त्याला वाचवलं, तिने तो भाग अर्ध्यावर टाकून घरच्यांच्या गळ्यात मारला आहे. त्यागाचं कौतुक आपण मनापासून करत असू, पण ते आपल्याला फार स्वस्त पडतं.

संस्कारवाल्यांचा हुकमी एक्का परंपरा. 'पूर्वी एकत्र कुटुंबात हे सगळं व्हायचंच, तेव्हा कुठे होते थेरपिस्ट?' पण पूर्वी म्हणजे कधी? भारतात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग जेकब चांडी यांनी वेल्लोरला सुरू केला तो १९४९ मध्ये. माणसाच्या मेंदूचा जगातला पहिला सीटी स्कॅन लंडनच्या एका रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी काढला गेला. बेशुद्धी किती खोल आहे हे ३ ते १५ गुणांत मोजायची ग्लासगोची पट्टी १९७४ ची. त्याआधी माडावरून पडून किंवा बैलगाडीखाली येऊन डोक्याला जबर मार बसलेला, शुद्ध हरपलेला माणूस बहुधा आठवड्याभरात जायचा. कवटीत रक्त साकळायचं, मेंदूला सूज यायची, नाही तर छातीत कफ भरून न्यूमोनिया व्हायचा. अर्धांगवायू झालेल्या आजोबांचं आजीने केलं, हे खरं आणि मोठं आहे. पण गळ्याला भोक पाडून नळी बसवलेल्या, नाकातल्या ट्यूबमधून जेवणाऱ्या, पंचविशीतल्या मुलाला पुढची चाळीस वर्षं सांभाळायची परंपरा कुठल्याच घरात नव्हती, कारण असा रुग्णच नव्हता. तो व्हेंटिलेटरने, न्यूरोसर्जनने आणि प्रतिजैविकांनी घडवलेला आहे. चांगलंच झालं. पण ज्या रुग्णाला आधुनिक वैद्यकाने जन्माला घातलं, त्याची जबाबदारी रुग्णालयाच्या फाटकावर एकाएकी आजीच्या काळातली कशी होते?

माझा मावसभाऊ मुंबई-गोवा महामार्गावर दुचाकी घसरून पडला. शस्त्रक्रिया उत्तम झाली, त्याबद्दल तक्रार नाही. डिस्चार्जच्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरने मावशीला बेडपाशी उभं करून एकदा दाखवलं: डोक्याकडची बाजू वर करायची, सिरिंजचा दांडा काढून नळकांडं ट्यूबला लावायचं, पेज गाळून पातळ करायची, ढकलायची नाही, आपोआप उतरू द्यायची, नंतर पाणी सोडायचं. दर दोन तासांनी कूस बदलायची. कफ वाजायला लागला की सक्शन, म्हणजे यंत्राच्या नळीने तो ओढून काढायचा. मावशीने हे एका जुन्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं. डॉक्टरांनी फाइलवर लिहिलं, 'फॉलो-अप पंधरा दिवसांनी'. ज्या कामासाठी नर्सिंगच्या मुलींना वर्षानुवर्षं शिकवावं लागतं, ते साठीच्या, दहावी झालेल्या बाईला वीस मिनिटांत सोपवलं गेलं. तिने ते केलं, निभावलं, आणि पाठीला एकही जखम होऊ दिली नाही. नातेवाईक आजही म्हणतात, 'आईच ती, तिला जमणारच.' आई असण्याने सक्शनची नळी किती आत घालायची हे कळतं का?

आणि ट्यूब निघाली, माणूस चालायला लागला, की खरी अडचण सुरू होते. ती पाहुण्यांना दिसत नाही. भाऊ आता चालतो, बोलतो, जुनी गाणी त्याला पाठ आहेत. सकाळी ब्रश हातात दिला की तो बेसिनसमोर उभा राहतो. पेस्ट लावलेली असते. 'तोंडात घाल' म्हटलं की घालतो. 'घास' म्हटलं की घासतो. म्हणायला कुणी नसेल तर तसाच उभा. हा आळस नव्हे. काम सुरू करायचं बटण मेंदूच्या पुढच्या भागात असतं आणि तिथेच मार बसलाय. संध्याकाळी थकवा आला की तोच शांत मुलगा आईच्या अंगावर ताट फेकतो आणि दहा मिनिटांत विसरतो. आई विसरत नाही. लग्नकार्यात भेटणारे मात्र म्हणतात, 'आता अगदी बरा दिसतोय की! कामाला का नाही लावत?' या प्रश्नाने घरच्यांना जेवढं एकटं पाडलंय, तेवढं आयसीयूच्या बिलानेही पाडलं नसेल.

आता समोरच्यांचे मुद्दे घेऊ, कारण ते पोकळ नाहीत. पहिला मुद्दा घराचा. ओळखीचे आवाज, ओळखीचा वास, रोजचं ताट, आपली बोली यांनी मेंदू सावरायला मदत होते, हे मी नाकारत नाही. शब्द हरवलेल्या माणसाला सफरचंद-मोटार अशी छापील चित्रं दाखवून बोलतं करणारा थेरपिस्ट आणि 'अरे, काल बाजारात सुरमई काय भावाने होती?' असं विचारणारा काका, यांत काकाला आधी उत्तर मिळालेलं मी पाहिलंय. माणूस अपघाताआधी कसा होता हे फक्त घरच्यांना ठाऊक असतं, म्हणून तो कुठवर परत आलाय हेही त्यांनाच अचूक सांगता येतं. पण यातून काय सिद्ध होतं? घर हवं, एवढंच. घर पुरेसं आहे, हे त्यातून निघत नाही. घरच्यांना माणूस ठाऊक असतो, इजा ठाऊक नसते. ताट फेकणं हा स्वभाव की लक्षण, त्या वेळी रागवायचं की खोलीतून उठून जायचं, हे कुणीतरी शिकवावं लागतं. न शिकवता घरी पाठवलं की प्रेमच नुकसान करू लागतं. आई बटणं लावून देते, कारण तिला बघवत नाही. आणि बटणं लावायला शिकायचे महिने निघून जातात.

दुसरा मुद्दा जास्त जड आहे: संस्थांचा भरवसा काय? ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीला एका खासगी मनोरुग्ण आश्रमात आग लागली. माणसं साखळदंडांनी बांधलेली होती. २८ जण जळून मेले. त्यांनाही कुणीतरी 'सोय' म्हणूनच तिथे ठेवलं होतं. आपल्याकडेही बंगला भाड्याने घेऊन, दहा खाटा टाकून, दारावर 'रिहॅब' अशी पाटी लावली की सेंटर उभं राहतं. तिथे फिजिओ आठवड्यातून किती वेळा येतो, रात्री किती जणांमागे किती माणसं असतात, हे विचारायची सोय नातेवाइकाला नसते. विचारलं तर 'मग घरीच ठेवा ना' हे उत्तर तयार. तेव्हा 'सेंटरमध्ये ठेव आणि स्वतःचं आयुष्य जग' असा सल्ला देणाऱ्यांनी जरा सांगावं: कुठल्या सेंटरमध्ये, महिना किती रुपयांत, आणि किती वर्षं? हा सल्ला ज्यांना परवडतो त्यांच्यासाठीच लिहिलेला असतो. वर तो गृहीत धरतो की माणूस आता संपला, त्याला ठेवायची जागा तेवढी शोधायची आहे. पण संस्था वाईट आहेत हे संस्थांवर नियम बसवायचं कारण झालं, आईला आयुष्यभर रात्रपाळी लावायचं नव्हे. शाळा वाईट म्हणून आपण मुलांना घरी बसवा म्हटलं का?

तिसरा आक्षेप सगळ्यात हळवा, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. पैसे घेऊन केलेल्या सेवेत जीव नसतो, असं म्हणतात. पगारी माणूस तो पगारीच. या वाक्याला महाराष्ट्राने स्वतःच उत्तर दिलेलं आहे आणि आपण ते विसरलोय. केईएम रुग्णालयातली परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका वॉर्डबॉयने हल्ला केला, साखळीने गळा आवळला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि ती कधीच सावरली नाही. १८ मे २०१५ ला ती गेली. मधली जवळपास ४२ वर्षं तिला केईएमच्या परिचारिकांनी सांभाळलं. ऐंशीच्या दशकात तिला दुसरीकडे हलवायचा घाट घातला गेला, तेव्हा परिचारिकाच विरोधात उभ्या राहिल्या. अरुणाचं नाव आपल्या चर्चेत येतं ते फक्त दयामरणासाठी. सर्वोच्च न्यायालयाचा ७ मार्च २०११ चा निकाल सगळ्यांना आठवतो. त्या निकालात न्यायालयाने तिचे खरे आप्त म्हणून, तिच्यासाठी दयामरण मागणाऱ्या बाहेरच्या याचिकाकर्तीऐवजी, केईएमच्या कर्मचाऱ्यांना मानलं, हे फारसं कुणी सांगत नाही. त्या सेवेकडे जरा व्यवहाराच्या नजरेने पाहा. ती सेवा शिकलेल्या हातांची होती. ती पाळ्यांमध्ये वाटलेली होती. आपली पाळी संपली की परिचारिका घरी जात होती, झोपत होती, सणाला सुट्टी घेत होती, निवृत्त होत होती. पहिल्या तुकडीतल्या बायका निवृत्त झाल्यावर पुढच्या काळात तिला न्हाऊ-माखू घालणाऱ्या कितीजणींनी तिला चालताबोलताना पाहिलंही नव्हतं. पगार होता, हजेरीपट होता, आणि माया होती. मला तर वाटतं, हजेरीपट होता म्हणूनच माया ४२ वर्षं टिकली. तेच काम एकट्या बहिणीवर टाकलं असतं, तर? ती किती वर्षं पुरली असती?

चौथा आक्षेप सरकारी तिजोरीचा. जिथे प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर मिळत नाही तिथे स्पीच थेरपिस्ट कुठून आणणार? प्रश्न रास्त आहे. पण पैसा खर्च होतच नाही असं नाही, तो चुकीच्या जागी थांबतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा आता ५ लाखांवर गेली आहे, पण योजनेचा सगळा सांगाडा रुग्णालयातल्या भरतीभोवती उभा आहे. केंद्राने मे २०२५ मध्ये रस्ते अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस योजना अधिसूचित केली: अपघातापासून ७ दिवस, दीड लाखापर्यंत. चांगली योजना आहे, तिने जीव वाचतील. आठव्या दिवशी काय? खासगी विमा भरतीनंतरचे ६० किंवा ९० दिवस धरतो आणि हात झटकतो. मेंदूची सुधारणा पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगाने होते आणि पुढे मंद गतीने वर्षानुवर्षं चालू राहते. म्हणजे जेव्हा थेरपीचा रुपया सर्वांत जास्त कामी येईल, नेमका तेव्हाच खिसा रिकामा. लाखो रुपयांची शस्त्रक्रिया सरकार करतं, आणि नंतर हवेची गादी नाही म्हणून पाठीला जखम होऊन किंवा पेज श्वासनलिकेत जाऊन तोच माणूस पुन्हा भरती होतो, त्याचेही पैसे पुन्हा सरकारच भरतं. ही काटकसर आहे?

न्यायालयांना हे कळलेलं आहे. २००७ मध्ये अपघातात मेंदूला जबर इजा झालेल्या एका बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ फेब्रुवारी २०२० रोजी निकाल दिला. तिच्यासाठी दोन मदतनीस लागतील, प्रत्येकी महिना ५,००० रुपये, त्याला वयावरून ठरणारा १८ वर्षांचा गुणक, म्हणजे फक्त सांभाळण्यापोटी २१ लाख ६० हजार, असा सरळ हिशेब न्यायमूर्तींनी मांडला. एकूण भरपाई ६२ लाख २७ हजार. सांभाळणं हे काम आहे, त्याला माणसं लागतात, त्या माणसांना मजुरी लागते, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने आकड्यांत लिहून दिलं. पण साल पाहा. अपघात २००७ चा, निकाल २०२० चा. मधली सगळी वर्षं तिच्या घरच्यांनीच ओढली असणार. वाहन विम्याचा हप्ता तर आपण सगळे सक्तीने भरतो. विमा कंपनीला अखेर रक्कम द्यायचीच असेल, तर पहिल्या दोन वर्षांची फिजिओथेरपी आणि मदतनीस यांचा खर्च तिने दरमहा द्यावा आणि अंतिम भरपाईतून वळता करून घ्यावा, यात अशक्य काय आहे? आणि जो वाहनाखाली न येता घरातच पाय घसरून पडला, किंवा ज्याला चाळिशीतच पक्षाघात झाला, त्याला तर मोटार अपघात भरपाईचं न्यायाधिकरणही नाही. त्याच्या वाट्याला फार तर संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे अडीच हजार. नर्सिंग ब्युरोची मदतनीस बाई रोज बारा तासांसाठी लावली तर ते आठवडाभरही पुरत नाहीत.

सांभाळणाऱ्याला पैसे द्यायचे म्हटलं की आपल्याकडे लोक दचकतात. ब्रिटनचा इतिहास इथे वाचण्यासारखा आहे. तिथे १९७६ मध्ये आजारी माणसाला सांभाळण्यासाठी काम सोडणाऱ्यांना भत्ता सुरू झाला, पण विवाहित स्त्रियांना त्यातून वगळलं. कारण काय, तर त्या नाही तरी घरीच असतात! आईसाठी नोकरी सोडलेली जॅकलिन ड्रेक नावाची एक विवाहित बाई या अन्यायाविरुद्ध युरोपीय न्यायालयापर्यंत गेली आणि जून १९८६ मध्ये जिंकली. जपानने २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा आणला, तेव्हा मुलांनी आईवडिलांना सांभाळायची परंपरा बिघडेल अशी ओरड तिथल्या सत्ताधाऱ्यांमधूनच झाली. ती परंपरा पाळत होत्या कोण? बहुतेक सुना. लांब कशाला, केरळ अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी 'आश्वासकिरणम्' योजनेत महिना ६०० रुपये देतं. रक्कम हास्यास्पद आहे. पण त्या ६०० रुपयांसाठी सांभाळणाऱ्याचं नाव सरकारी यादीत जातं. आपल्याकडे त्या बाईचं नाव रेशनकार्डाशिवाय कुठे आहे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, ज्यांना जास्त आधार लागतो अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्त्याची तरतूद स्पष्ट शब्दांत आहे. कायदा करून नऊ-दहा वर्षं होत आली. त्याच कायद्याच्या २१ दिव्यांगत्वांच्या यादीत अपघाताने मेंदूला झालेल्या इजेचं स्वतंत्र नाव नाही. वाचा गेली असेल तर एका रकान्यात, हात गेला असेल तर दुसऱ्या, आणि फक्त स्वभाव व स्मरण गेलं असेल तर प्रमाणपत्राच्या खिडकीवर वाद घालत बसा. बेशुद्ध नवऱ्याचं बँक खातं चालवायला बायकोला उच्च न्यायालयात रिट करावी लागते, कारण पालकत्वाचा नॅशनल ट्रस्ट कायदा या रुग्णांसाठी केलेलाच नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने अशा याचिका मंजूर केल्या आहेत. वकील परवडणाऱ्यांच्या.

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. अहवालात मृतांचे तक्ते आहेत, जखमींचे आहेत. सहा महिन्यांनी त्या जखमींपैकी कोण कामावर गेलं आणि कोण बेसिनसमोर उभं आहे, याचा रकाना नाही. जे मोजलंच जात नाही त्यासाठी तरतूद कोण करणार?

सुरुवात करायला इमारतीही बांधायला नकोत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून, म्हणजे २०१३ पासून, जिल्हा पातळीवर मुलांसाठी हस्तक्षेप केंद्रं, म्हणजे वाढीतल्या अडचणींवर वेळीच उपचार करणारी केंद्रं, उभी राहिली. फिजिओथेरपिस्ट, वाचा थेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ एका छताखाली असावेत ही त्यांची रचना. वयाची अट अठरापर्यंत. एकोणिसाव्या वर्षी डोक्याला मार लागला तर तेच दार बंद. तिथे जागा रिकाम्या असतात, हे मला माहीत आहे. मग त्या भरा, आणि आठवड्यातले दोन दिवस मोठ्यांना येऊ द्या. डिस्चार्जआधी घरातल्या दोन माणसांना आठवडाभर वॉर्डातच शिकवा, आणि ती दोन माणसं म्हणजे आई आणि बायकोच असली पाहिजे असं नाही. भाऊ आणि बापही चालतात. महिन्यातून चार दिवस रुग्णाला जिल्हा रुग्णालयात ठेवून घ्या, म्हणजे सांभाळणाऱ्याला स्वतःचे दात दाखवायला, माहेरी जायला, नुसतं झोपायला वेळ मिळेल. माझ्या मावशीला मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घ्यायची आहे. डॉक्टरांनी नंतर काही दिवस वाकायचं नाही, जड उचलायचं नाही म्हणून बजावलंय. ती तारीख पुढे ढकलत आली आहे, कारण तेवढे दिवस मुलाला सकाळी बेसिनपासून हलवणार कोण, हे अजून ठरलेलं नाही.